मीरतचा कैदी, मुंबईचा महापौर
(गिरणीकामगारांच्या सभेत केलेले भाषण)



आज माझ्या वाट्याला विषय आलाय तो मुंबईच्या एका महापौराचा. पाळी सुटल्यावर घरी न जाता तुम्ही इथं बसलात, डोक्यावरचा कापूस अजून झटकला नाही, आणि हा गडी महापौराची गोष्ट सांगणार म्हटल्यावर कोणी मनात म्हणेल, बाबा रे, महापौराचं आणि आपलं नातं काय? त्यानं पाहुण्यांना हार घालावेत, फिती कापाव्यात, मोटारीतून फिरावं. आपण नळावर रांग लावावी. हे म्हणणं अगदीच खोटं नाही. पण ज्या माणसाविषयी मी बोलणार आहे तो हार घालणाऱ्यांतला नव्हता. त्याला सरकारनं आधी बेड्या घातल्या होत्या, आणि मग एकोणतीस वर्षांनी मुंबईनं त्याच्याच गळ्यात हार घातला. त्याचं नाव कॉम्रेड शांताराम सावळाराम मिरजकर.

मी काही विद्वान नाही. चौथी इयत्तेपर्यंत शाळा, पुढची शाळा साच्यापुढं. तेव्हा मी गोष्ट सांगणार ती कामगाराच्या नजरेनं. धागा कुठं तुटला आणि गाठ कुठं मारायची, एवढं मला कळतं. तेवढंच सांगतो.

मिरजकर १८९९ साली जन्मले. त्या वेळी मुंबईत प्लेगनं थैमान घातलेलं होतं आणि गिरण्यांची धुराडी मात्र वाढतच होती. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कापडगिरणीची कंपनी काढली, तेव्हापासून कोकणातून, घाटावरून माणसं येत राहिली आणि एकेका खोलीत दहा-दहा जण राहू लागली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणीकामगारांची पहिली संघटना उभी केली, १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून दिली. १९०८ साली लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरणीवाले सहा दिवस घरी बसले. कामगार लढत होता, पण संप संपला की संघटनाही पांगायची. टिकून राहणारी, वर्गणीची पावती फाडणारी, हिशेब ठेवणारी युनियन अजून उभी राहायची होती.

ती ज्यांनी उभी केली त्यांत मिरजकर होते. १९२७ साली मुंबईत कामगार-शेतकरी पक्ष निघाला. अध्यक्ष धुंडिराज ठेंगडी, चिटणीस मिरजकर. त्या पक्षाचं ‘क्रांती’ नावाचं मराठी साप्ताहिक निघे. आता बघा, गिरणीच्या दारात इंग्रजीत व्याख्यान देऊन भागत नाही. ज्याला ऐकवायचं त्याच्या भाषेत बोलावं लागतं. मजुरी, तास, दंड, जॉबरची दस्तुरी या गोष्टी मराठीतून छापून जेव्हा चाळीचाळीत वाचल्या जाऊ लागल्या, तेव्हा ज्याला अक्षर येत नाही तोही चार जणांत बसून ऐकू लागला. आपल्या भाषेच्या लढ्याचं मूळ मला तिथंच दिसतं.

मग आला १९२८चा संप. मालकांनी काढलं होतं की दोन साच्यांच्या जागी एकानं तीन साचे चालवावेत, सूतखात्यात एका बाजूच्या जागी दोन बाजू सांभाळाव्यात. काम वाढवायचं, माणूस कमी करायचा आणि पगाराला कात्री लावायची. याला नाव दिलं सुधारणा! एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, जवळपास सहा महिने, सुमारे दीड लाख माणूस बाहेर राहिला. सहा महिने म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको. वाण्यानं उधारी बंद केल्यावर घरात काय होतं ते घरातल्या बाईला विचारा. कितीतरी जण गावी गेले, शेतात राबले, पण कामावर कोणी गेलं नाही. त्या संपाच्या कमिटीत ना. म. जोशींसारखे मवाळ पुढारी होते, तसे डांगे, निंबकर, जोगळेकर, मिरजकर हे लाल बावट्याचे होते, आणि आळवे, कासले हे तर गिरणीतलेच. त्याच उन्हाळ्यात, मे महिन्यात, गिरणी कामगार युनियनची नोंदणी झाली. सुरुवातीला सभासद काही शेकडा. वर्ष संपता संपता पन्नास हजारांच्या वर.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो, कारण आपल्या सभेत ती सांगायला लोक कचरतात. त्या काळी कापडखात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत. धोट्यात कांडी भरताना धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून बाट लागतो असं म्हणत. चांगल्या मजुरीचं खातं एका भावाला बंद, आणि बाकीचे भाऊ एकजुटीच्या घोषणा देणार. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना हा प्रश्न रोखठोक विचारला, आणि बरोबर विचारला. मालकानं केलेला अन्याय जितका अन्याय, तितकाच शेजारच्या साच्यावरच्या भावानं केलेला. ही गोष्ट लक्षात ठेवा. भाषणाच्या पुढच्या टप्प्यात तिच्याकडे परत यायचंय.

संपानं सरकार हादरलं. २० मार्च १९२९ रोजी देशभर एकाच वेळी धाडी पडल्या आणि एकतीस पुढारी पकडले गेले. पुढं आणखी एकाची भर पडली. आरोप कोणता? बादशहाचं हिंदुस्थानावरचं राज्य उलथून टाकण्याचा कट. खटला मुंबईत चालवायचा तर ज्यूरी बसली असती, आणि ज्यूरीचा काय भरवसा! म्हणून तो लांब मीरतला नेला. मुंबईचे, कलकत्त्याचे, पंजाबचे माणूस तिथं नेऊन ठेवले. त्यांत तीन इंग्रजसुद्धा होते, स्प्रॅट, ब्रॅडली आणि हचिन्सन. राणीच्या देशातला माणूस हिंदुस्थानच्या मजुरासाठी तुरुंगात बसला, हे ज्यांना वाटतं की कामगाराची दोस्ती गावाच्या वेशीपाशी संपते त्यांनी ऐकावं.

खटला चालला चार वर्षांच्या आसपास. ठेंगडी म्हातारे होते, ते खटला चालू असतानाच गेले. आरोपींनी कोर्टाचाच सभामंडप केला. कामगार का लढतो, राज्य कोणाचं आहे, हे त्यांनी पिंजऱ्यात उभं राहून दिवसचे दिवस सांगितलं आणि न्यायाधीशाला ते लिहून घ्यावं लागलं. जानेवारी १९३३ मध्ये निकाल लागला. मुझफ्फर अहमद यांना जन्मठेप, डांगे वगैरे कित्येकांना बारा वर्षं, मिरजकरांना दहा वर्षं काळं पाणी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अलाहाबादच्या हायकोर्टानं या शिक्षा खूप कमी केल्या, पण तोवर माणसाच्या उमेदीची चार वर्षं गेलीच होती.

आता इथं थोडं थांबू आणि मुंबईच्या पालिकेकडे बघू, कारण हा कैदी त्या इमारतीत कसा पोचला ते कळायला हवं.

बोरीबंदरसमोरची ती दगडी इमारत तुम्ही पाहिलीय. १८९३ साली ती पुरी झाली. समोर सर फिरोजशहा मेहतांचा पुतळा. फिरोजशहा मोठा माणूस, पालिकेच्या १८८८च्या कायद्यावर त्यांची छाप आहे. पण त्या इमारतीत मत कोणाचं चाले? सुरुवातीला कर भरणाऱ्या मालमत्तावाल्यांचं. १९२२च्या कायद्यानं भाडेकऱ्याला मत दिलं, पण अट अशी, की महिना दहा रुपये भाडं भरणाऱ्याला. आता सांगा, गिरणगावातल्या एका खोलीला दहा रुपये भाडं कोण देत होतं? ज्याच्या घामावर मुंबई उभी राहिली त्याची खोली स्वस्त, म्हणून त्याला मत नाही. त्याच सुमाराला वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथं बी.डी.डी. चाळी बांधल्या, २०७ इमारती, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. त्या खोलीत कुटुंब राहील, खाणावळीचे गडी राहतील, पाळीपाळीनं झोपतील, पण नगरपिता कोण व्हावा हे ठरवायला त्यांतला कोणी लायक नाही!

१९३१ साली पालिकेच्या अध्यक्षाला मेयर हा किताब मिळाला. आपण महापौर म्हणतो, तो शब्द सावरकरांनी दिलेला. त्या खुर्चीवर नामवंत वकील, डॉक्टर, व्यापारी बसले. पुढं निरनिराळ्या जमातींना पाळीपाळीनं खुर्ची देण्याचीही रीत पडली. पारशी झाला, हिंदू झाला, मुसलमान झाला. सगळ्या जमातींची पाळी लागली, मजुराच्या जमातीची पाळी तेवढी लागली नाही. कारण पाळी लावणाऱ्यांत मजूर नव्हताच.

१९४८ साली पहिल्यांदा सरसकट सगळ्या प्रौढ बायाबापड्यांच्या मतावर पालिकेची निवडणूक झाली. हा दिवस पुस्तकात मोठ्या अक्षरात छापत नाहीत, पण गिरणगावाच्या दृष्टीनं तो मोठाच. भाड्याची अट गेली. खोली आठ रुपयांची असो की ऐंशीची, मत एकच.

आणि मग भाषेचा प्रश्न पेटला. १९५५च्या ऑक्टोबरात राज्य पुनर्रचना आयोगानं मराठी माणसाला त्याचं राज्य नाकारलं. पुढं मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवायची टूम निघाली. म्हणजे मुंबई वाढवली कोणी, तर मराठी मजुरानं. मुंबई चालवायची कोणी, तर दिल्लीनं, आणि दिल्लीच्या कानाशी लागणाऱ्या थैलीशहांनी. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनवर गोळ्या चालल्या, जानेवारी १९५६ मध्ये गिरणगावात चालल्या. शंभरावर माणसं गेली. त्यांत कोण होते? गिरणीतले, गोदीतले, फेरीवाले, शाळकरी पोरं. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्याला संयुक्त महाराष्ट्र समिती झाली. प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्षवाले, बाबासाहेबांचे अनुयायी, एकमेकांशी हाडवैर असलेले पक्ष एका मांडवाखाली आले. १ नोव्हेंबर १९५६ला सरकारनं गुजरातसकट द्विभाषिक राज्य लादलं. त्याला उत्तर १९५७ साली मतपेटीतून मिळालं. लोकसभा, विधानसभा आणि त्याच वर्षी मुंबईची पालिका. पालिकेतली काँग्रेसची सत्ता गेली आणि समितीची आली.

समितीचे पहिले महापौर झाले आचार्य मो. वा. दोंदे, पेशानं शिक्षक. दुसऱ्या वर्षी, १९५८ साली, खुर्चीवर बसले कॉ. मिरजकर. मुंबईचे पहिले कम्युनिस्ट महापौर. तिसऱ्या वर्षी, १९५९ साली, आंबेडकरी चळवळीतले बोराळे. एक मास्तर, एक युनियनवाला, एक बाबासाहेबांचा अनुयायी. मघाशी मी कापडखात्याची गोष्ट सांगितली, ती आठवा. तीस वर्षांपूर्वी ज्या भावाला आपण साच्याला हात लावू दिला नाही, त्याच्या चळवळीतला माणूस त्याच आघाडीच्या मतांनी शहराचा प्रथम नागरिक झाला. एकजूट घोषणेनं होत नाही, ती अशी खुर्ची वाटून घेतल्यानं होते. आणि ही वाटणी जमातीच्या पाळीची नव्हती. एकत्र लाठ्या खाल्लेल्या लोकांची होती.

मिरजकरांना काय वाटलं असेल त्या दिवशी, ते मी सांगणार नाही. दुसऱ्याच्या मनात शिरून भाषण करायची माझी रीत नाही. पण सरकारी दप्तरात काय झालं असेल ते बघा. ज्या माणसाच्या नावापुढं ‘राजद्रोही कटवाला’ असा शेरा होता, त्याच्या नावापुढं आता ‘नामदार महापौर’ लिहायचं आलं. जे अधिकारी त्याच्या सभेवर पोलीस पाठवायचे, ते सभागृहात त्याची परवानगी घेऊन बोलू लागले. त्याच सुमारास, १९५७ साली, ते आयटकचे, म्हणजे अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे अध्यक्ष निवडले गेले होते. म्हणजे एका खांद्यावर मुंबईचा मान आणि दुसऱ्यावर देशभरच्या मजुरांच्या संघटनेचा भार.

इथपर्यंत ऐकून टाळ्या वाजवाव्यात आणि घरी जावं असं वाटतं. पण मी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगून पाठवणार नाही. महापौराची खुर्ची म्हणजे काय चीज आहे, ते नीट समजून घ्या.

१८८८च्या कायद्यानं मुंबई पालिकेचा कारभार असा लावलाय, की सभागृह ठराव करतं, स्थायी समिती पैशाच्या गाठी सोडते, आणि प्रत्यक्ष अंमल आयुक्ताचा, ज्याला आपण कमिशनर म्हणतो त्याचा. कमिशनर नेमतं कोण? सरकार. महापौर सभागृहाचा अध्यक्ष. कोणाला बोलू द्यायचं, कोणाला बसवायचं हे त्याच्या हातात. पण एका शिपायाची बदली करायची झाली, एका गल्लीचा नळ जोडायचा झाला, तर सही कमिशनरची. गिरणीच्या भाषेत सांगायचं तर महापौर म्हणजे दारावर नाव लिहिलेला मालक, आणि कमिशनर म्हणजे मॅनेजर. फरक एवढाच, की हा मॅनेजर नेमणारा धनी तिसराच. त्यातून त्या काळी महापौराची मुदत एक वर्षाची. दप्तर कुठं ठेवलंय हे कळेपर्यंत वर्ष सरतं.

१९५८ साली तर हा तिढा अगदी उघडा होता. सभागृह समितीचं, महापौर समितीचा, आणि कमिशनर नेमणारं सरकार द्विभाषिक राज्यातलं काँग्रेसचं. मुंबईकरानं मत देऊन घर ताब्यात घेतलं, पण कुलपाची चावी सरकारच्या खिशात राहिली.

मग कोणी विचारील, अशा खुर्चीसाठी एवढा आटापिटा कशाला? माझं उत्तर ऐका.

पहिलं म्हणजे, चावी नसली तरी घरात आपला माणूस असणं आणि नसणं यात फरक आहे. सभागृहात प्रश्न विचारता येतो, आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. अंदाजपत्रक सभागृहापुढं येतं. केईएम इस्पितळ, पालिकेच्या शाळा, वैतरणेचं पाणी, १९४७ साली पालिकेनं कंपनीकडून घेतलेली ट्राम, बस आणि वीज, हे सगळं कोणासाठी आणि कुठल्या वॉर्डात आधी, हा वाद तिथं होतो. त्या वादात मजुराच्या बाजूनं बोलणारा कोणी नसेल तर वाद होतच नाही, परस्पर निकाल लागतो.

दुसरं म्हणजे, त्याच कायद्यात एक कलम असं आहे, की सभागृहातल्या एकूण नगरसेवकांपैकी आठांत पाच जणांनी ठरवलं तर कमिशनरला जावंच लागतं. म्हणजे कायद्यानं लोकांच्या प्रतिनिधींच्या हातात एक दांडका दिलेला आहे. पण तो उचलायला एकजूट लागते. गिरणीतही तसंच. संपाचा हक्क कागदावर कितीही असो, खात्यातले अर्धे आत आणि अर्धे बाहेर असले तर त्या कागदाची किंमत विडी पेटवण्याइतकीच.

तिसरं म्हणजे, आणि हे मला सर्वांत मोठं वाटतं, मिरजकर त्या खुर्चीवर बसले ते युनियनचा दरवाजा मागं लावून नव्हे. वर्ष संपलं, खुर्ची गेली, माणूस पुन्हा चळवळीत. आयटकचं अध्यक्षपद त्यांनी पुढं कित्येक वर्षं सांभाळलं. १९८० साली ते वारले. महापौरपद हा त्यांच्या आयुष्यातला एक मुक्काम होता. आजकाल माणूस युनियनमध्ये शिरतो तोच पुढच्या तिकिटाचा हिशेब करून, आणि एकदा का मोटार मिळाली की गिरणीचा रस्ता विसरतो. मोटार वाईट नाही, भावांनो. रस्ता विसरणं वाईट.

आता संयुक्त महाराष्ट्राचं पुढं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. १ मे १९६० रोजी मुंबईसह राज्य मिळालं, आणि ते कामगार दिनी मिळालं. आपल्या पूर्वजांनी रक्त सांडून मिळवलं. तेव्हा आपल्याला वाटलं, आता सरकार आपल्या भाषेचं, आता चावी आपल्या घरात येणार. आली का? कमिशनर पूर्वी द्विभाषिकाचं सरकार नेमायचं, नंतर मराठी राज्याचं सरकार नेमू लागलं. हुकूम मराठीत निघू लागला, पण हुकूम तो हुकूमच. सभागृह होतं तिथंच राहिलं. १९९२ साली घटनेत चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती झाली, शहरांना अधिकार देऊ असं तिच्यात लिहिलं. १९९८ साली मुंबईत महापौराच्या हाती खरा कारभार द्यायचा, त्याचं मंडळ करायचं, असा प्रयोग झाला आणि १९९९ सालीच तो गुंडाळला गेला. आणि २०२२च्या मार्चमध्ये तर पालिकेची मुदत संपली आणि पुढं तीन वर्षांहून जास्त काळ निवडणूकच झाली नाही. महापौर नव्हता, नगरसेवक नव्हते. एकटा प्रशासक, तोही सरकारनं नेमलेला. ज्या मतासाठी १९४८पर्यंत थांबावं लागलं, ते मत असून नसल्यासारखं झालं.

याचा परिणाम मजुरावर काय होतो? गिरण्यांच्या जमिनी बघा. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडला. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही, गिरण्याच मिटत गेल्या. १९९१ साली नियम झाला, की गिरणीची जमीन विकासाला काढायची तर ढोबळ मानानं एक तृतीयांश शहराच्या मोकळ्या जागेला, एक तृतीयांश सार्वजनिक घरांना आणि एक तृतीयांश मालकाला. २००१ साली सरकारनं नियम असा फिरवला, की ही वाटणी सगळ्या जमिनीची नव्हे, फक्त ज्या जागेवर बांधकाम नाही तेवढ्याचीच. शहराचा आणि कामगाराचा वाटा चिंधीएवढा उरला. प्रकरण कोर्टात गेलं, २००६ साली सुप्रीम कोर्टानं सरकारचा नियम कायम ठेवला. आता विचार करा, हा फिरवाफिरवीचा निर्णय कुठं झाला? जिथं तुमच्या वॉर्डाचा माणूस उभा राहून ‘माझ्या गिरणगावाचं काय’ असं विचारू शकतो, त्या सभागृहात नाही झाला. तो मंत्रालयात झाला. शहर कोणाचं, हा प्रश्न १९५६ साली दिल्लीच्या कागदावर सुटायचा, तो पुढं मंत्रालयाच्या कागदावर सुटला. दोन्ही वेळी ज्याच्या घामाची जमीन होती त्याला कोणी विचारलं नाही.

म्हणून मी म्हणतो, संयुक्त महाराष्ट्राचा लढा नकाशावर जिंकला, पण गल्लीत अजून जिंकायचा आहे. भाषेचं राज्य म्हणजे पाट्या मराठी आणि भाषणं मराठी, एवढंच नव्हे. ज्याला जी भाषा येते त्या भाषेत त्यानं कारभाऱ्याला जाब विचारावा आणि कारभाऱ्याला त्याचं उत्तर देणं भाग पडावं, ते भाषेचं राज्य.

आपल्यात दोन तऱ्हेची माणसं दिसतात. एक म्हणतात, आपला माणूस खुर्चीवर बसला, झालं, आता तो बघून घेईल. दुसरे म्हणतात, सगळे सारखेच चोर, खुर्ची घाला चुलीत, मत देऊन काय होतंय. पहिले संपाच्या दुसऱ्या दिवशी पत्ते कुटत बसणारे, दुसरे संप पुकारायच्या आधीच कामावर जाणारे. दोघांमुळं फावतं ते मालकाचंच. मिरजकरांची कारकीर्द दोघांनाही उत्तर देते. खुर्ची मिळाली ती दीड लाख माणसांनी सहा महिने पोटाला चिमटा घेतला त्या पुण्याईवर, मीरतच्या चार वर्षांवर आणि फाउंटनवर पडलेल्यांच्या रक्तावर. ती फुकटची नव्हती, म्हणून तिला लाथ मारू नका. आणि तिच्यात चावी नव्हती, म्हणून तिच्यावर विसंबूही नका.

तेव्हा इथून जाताना तीन कामं घेऊन जा. आपलं आणि घरातल्या बायकांचं नाव मतदारयादीत आहे का, ते आपल्या डोळ्यांनी बघा. दुसऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका. मत मागायला येईल त्याला एकच विचारा, की पालिकेचा कारभार निवडलेल्या सभागृहाच्या हाती द्यायचा, असं तू उघड सभेत बोलशील का? आणि निवडून आला की त्याला दर महिन्याला चाळीच्या चौकात बोलवा, हिशेब मागा. जसा युनियनच्या खजिनदाराकडे मागता तसाच.

जॉबरच्या पुढं मान खाली घालणाऱ्या आपल्या पणज्यांना मत नव्हतं, तरी त्यांनी सरकार हलवलं. आपल्याकडं मत आहे. भोंगा वाजायची वाट बघू नका.

संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांना लाल सलाम! गिरणीकामगारांच्या एकजुटीचा विजय असो!